स्प्रिंग बसली, मग गोळ्या कशाला?

"ताई, ह्या गोळीच्या पाचच द्या."

काउंटरवर चिठ्ठी सरकवून काका उभे राहिले. चिठ्ठीवर पाच औषधं होती, बोट मात्र एकाच नावावर, क्लोपिडोग्रेल ७५. बाकीच्या घरी आहेत का विचारलं तर म्हणाले, "संपल्या. पण आता छातीत काही दुखत नाही. स्प्रिंग बसवली की! मुलगा म्हणाला ही एक तरी घ्या, म्हणून आलो." हृदयाच्या धमनीत स्प्रिंग बसवून अडीच महिने झाले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी योजनेतून.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे. गेली बावीस वर्षं हे बोलणं मी महिन्यातून दोन-तीनदा ऐकते. माणूस दर वेळी वेगळा असतो, वाक्य तेच: "आता बरं वाटतंय." ही माणसं बेफिकीर नसतात. मुलाबाळांची काळजी करणारी, दर पैशाचा हिशेब ठेवणारी माणसं असतात. त्यांना कुणी बसवून नीट सांगितलेलंच नसतं. रुग्णालयातून सुट्टी होताना एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पिशवी, बाहेर गाडीवाला हॉर्न मारतोय, आणि सिस्टर भराभर सांगतात की ही सकाळी, ही रात्री, ही जेवणानंतर. त्या गडबडीत काय डोक्यात राहणार? म्हणून जे मी काउंटरवर तुकड्यातुकड्यांत सांगते, ते इथे सलग लिहितेय.

सुरुवात स्प्रिंगपासूनच करू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या असतात जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साचत जाते आणि वाट अरुंद होते. अँजिओप्लास्टीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, अरुंद जागी फुगा फुगवतात आणि धातूची बारीक जाळी तिथे बसवतात. हीच स्टेंट, म्हणजे आपली स्प्रिंग. हल्लीच्या जाळीची तार साधारण आपल्या केसाएवढी जाड असते.

इथेच पहिला गैरसमज होतो. "ब्लॉकेज काढलं" असं सगळे म्हणतात, पण ते काढलेलं नसतं. साचलेली चरबी भिंतीत दाबून बाजूला सारलेली असते आणि ती परत आत येऊ नये म्हणून जाळीचा टेकू दिलेला असतो. तोही त्या एका ठिकाणी, दीड-दोन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात. बाकीच्या धमन्यांत जे काही हळूहळू साचत होतं, ते आहे तिथेच आहे. छातीतलं दुखणं थांबलं हे स्प्रिंगचं काम. आजार थांबवायचं काम मात्र चिठ्ठीवरच्या त्या पाच नावांचं.

आता दुसरी गोष्ट, जास्त महत्त्वाची. भाजी चिरताना बोट कापलं की दोन-चार मिनिटांत रक्त थांबतं. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या इवल्याशा पेशी जखमेवर धावतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. देवाने दिलेली ही सोय आहे, ती नसती तर आपण जगलोच नसतो. पण प्लेटलेटला डोळे नाहीत. धमनीत फुगा फुगवल्यावर आतलं अस्तर थोडंफार सोलवटलेलं असतं आणि त्यात भरीला परक्या धातूची जाळी. प्लेटलेटच्या लेखी ही जखमच. त्या तिथेही धावतात आणि चिकटू लागतात. बोटावर गुठळी झाली तर खपली धरते. तीन मिलिमीटरच्या धमनीत गुठळी झाली तर रक्ताची वाट काही मिनिटांत बंद होते, आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळालं नाही की हार्ट अटॅक येतो. ब्लॉकेज वाढायला वर्षं लागतात, गुठळीला तेवढा वेळ लागत नाही.

स्टेंटचा शोध लागला तेव्हा हेच घडत होतं. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी पहिल्यांदा जागत्या माणसाच्या हृदयाची धमनी फुग्याने उघडली. १९८६ साली फ्रान्समध्ये झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिश सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयात पहिल्या जाळ्या बसवल्या. सगळ्यांना वाटलं, काम फत्ते. पण १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या १०५ रुग्णांच्या पाहणीत जवळजवळ चौथा हिस्सा जाळ्या पूर्ण बंद पडलेल्या आढळल्या, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच. तेव्हा रुग्णांना रक्त न गोठण्याची जबर औषधं द्यायचे. तरी जाळ्या बंद पडायच्या, आणि वर रक्तस्रावही व्हायचा. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ॲस्पिरिनच्या जोडीला प्लेटलेटवर काम करणारी दुसरी गोळी द्यायला सुरुवात झाली, आणि तेव्हा कुठे ही शस्त्रक्रिया भरवशाची झाली. आज पहिल्या वर्षात स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे. पण हा आकडा गोळ्या घेणाऱ्यांचा आहे, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

या दोन गोळ्यांना आपण "रक्त पातळ करायच्या गोळ्या" म्हणतो. शब्द रुळलाय, पण त्यामुळे माणसं घाबरतात. "रक्त पाण्यासारखं झालं तर?" असं एका मावशींनी मला खरोखर विचारलं होतं. रक्त पातळ वगैरे होत नाही. प्लेटलेटची एकमेकींना चिकटायची सवय तेवढी मोडते. प्लेटलेट एकमेकींना हाका मारून गोळा करतात, आणि हाक मारायचे त्यांचे वेगवेगळे मार्ग आहेत. ॲस्पिरिन त्यातला एक बंद करते. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी जी गोळी डॉक्टरांनी दिली असेल ती दुसरा बंद करते. नवी जाळी बसलेली असताना एकच मार्ग बंद करून भागत नाही, म्हणून दोन गोळ्या. काकांना पाचातली "एक तरी" घ्यायला सांगणाऱ्या मुलाला हेच समजावलं पाहिजे होतं.

"रोज कशाला? एक दिवसाआड चालणार नाही का?" हाही नेहमीचा प्रश्न, आणि याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. ॲस्पिरिन एकदा प्लेटलेटला भिडली की ती प्लेटलेट मरेपर्यंत निकामी राहते. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. पण हाडातल्या मगजात रोज नव्या प्लेटलेट तयार होत असतात, साधारण दहावा हिस्सा दररोज. त्या ताज्या, चिकटायला तयार. आजची गोळी ही आज जन्मलेल्या प्लेटलेटसाठी असते. गोळी चार-पाच दिवस बंद ठेवलीत, की रक्तातल्या जवळपास निम्म्या प्लेटलेट नव्या दमाच्या असतात आणि जाळी अजून उघडीच असते. टिकाग्रेलॉरचं आणखी वेगळं. तिची पकड सुटणारी असते म्हणून ती दिवसातून दोनदा घ्यायची, आणि म्हणूनच ती चुकवणं जास्त महागात पडतं. दिवसातून एकदाच घेतली तरी भागेल, असं तिच्या बाबतीत चालत नाही.

जाळी किती दिवस उघडी असते? जखमेवर नवी कातडी येते तसं धमनीच्या आतलं अस्तर हळूहळू तारांवर चढतं. ते पुरतं चढलं की प्लेटलेटला परका धातू दिसत नाही. याला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. सध्याच्या बहुतेक जाळ्यांना औषधाचा लेप असतो. हा लेप २००२-०३ पासून आला. अस्तर बेसुमार वाढून वाट पुन्हा बुजू नये, यासाठी तो असतो. पण वाढ धीमी करायची म्हणजे झाकणंही धीमं होणार. म्हणून गोळ्या जास्त दिवस.

हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसला असेल तर दोन गोळ्या साधारण १२ महिने देतात. अटॅक न येता, चालताना छाती भरून यायची म्हणून बसवला असेल तर साधारण ६ महिने. ज्यांना रक्तस्रावाचा धोका मोठा आहे, म्हणजे वय फार, पूर्वी अल्सर फुटलेला, किडनी अधू, अशांना डॉक्टर कधी एक ते तीन महिन्यांतच एक गोळी कमी करतात. त्यानंतर एक गोळी, बहुधा ॲस्पिरिन, पुढे कायमची. त्यामुळे "शेजारच्या अण्णांची तर सहा महिन्यांत बंद केली" हे खरं असू शकतं आणि तरी तुमच्या कामाचं नसतं. उलट बाजूही सांगते. काहीजण दोन्ही गोळ्या तीन-तीन वर्षं घेत राहतात, कारण पुन्हा डॉक्टरांकडे गेलेच नाहीत आणि जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणत राहिले. हेही चूक आहे. विनाकारण दोन गोळ्या म्हणजे विनाकारण रक्तस्रावाचा धोका. फाइलवर मोठ्या अक्षरात दोन तारखा लिहून घ्या: स्टेंट कधी बसला आणि दुसरी गोळी कधी थांबवायची ते विचारायला कधी जायचं.

आता तो प्रसंग, जो आठवला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक, पन्नाशीचे, गुऱ्हाळ चालवायचे. स्टेंट बसून दोन महिने झाले असताना दाढ ठणकायला लागली. दाढ काढायची ठरली. "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर चार-पाच दिवस आधी बंद करून या," असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी दोन्ही बंद केल्या. हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही त्यांनी विचारलं नाही. दाढ निघाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. १०८ला फोन केला, गाडी आली, जिल्ह्याला पोचले, बंद पडलेला स्टेंट उघडला. जीव वाचला. पण हृदयाच्या स्नायूचा बराच भाग गेला तो गेलाच. गुऱ्हाळ आता भाऊ चालवतो. ते खुर्ची टाकून कडेला बसतात, आणि दोन पायऱ्या चढल्या की थांबतात.

साध्या दाढेसाठी या गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. हिरडीवर कापूस दाबून, टाका घालून रक्त थांबवता येतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचंही बहुतेक वेळा तसंच. हर्निया, गुडघा, पित्ताशय अशी टाळता येण्याजोगी मोठी शस्त्रक्रिया असेल तर ती काही महिने पुढे ढकलता येते का, हे आधी विचारायचं. ढकलता येत नसेल तर कोणती गोळी थांबवायची, किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. तुमचं काम एकच: दोघांना एकमेकांचा फोन नंबर द्यायचा आणि "मला स्टेंट आहे" हे खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं.

अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हार्ट अटॅकनंतर लेपवाला स्टेंट बसवलेले ५०० रुग्ण. महिन्याभरात त्यातल्या ६८ जणांनी दुसरी गोळी सोडून दिली होती. पुढच्या अकरा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ७.५ टक्के दगावले. घेत राहणाऱ्यांपैकी ०.७ टक्के. सोडणारे आधीपासून जास्त आजारीही असतील, त्यामुळे सगळा फरक गोळीचाच असं म्हणता येणार नाही. पण गोळी सोडणारे कोण होते ते बघा: वय झालेले, शिक्षण कमी असलेले, खर्चामुळे दवाखाना टाळणारे, आणि सुट्टी होताना औषधांबद्दल नीट सूचना न मिळालेले. माझ्या काउंटरवर येणारी माणसं अगदी हीच.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल निदान भीती तरी असते. कोलेस्टेरॉलच्या गोळीची, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोझुवास्टॅटिनची, कुणाला कदर नाही. "रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून बंद केली." अहो, रिपोर्ट गोळी चालू असताना काढलेला! शिवाय स्टेंटवाल्यांसाठी लॅबच्या कागदावरचं "नॉर्मल" लागू पडत नाही. लॅब साधारण १०० च्या आतलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ठीक मानते. ज्याच्या धमनीत एकदा चरबी फुटली किंवा साचली, त्याचं ७० च्या खाली, आणि हल्लीच्या युरोपीय मार्गदर्शनानुसार ५५ च्याही खाली ठेवायचं असतं. ही गोळी नुसतं रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवत नाही. भिंतीत साचलेल्या चरबीचा पापुद्रा ती घट्ट करते, म्हणजे तो फुटून अटॅक येण्याची शक्यता घटते. स्टेंट जिथे पोचत नाही त्या सगळ्या धमन्यांची राखण हीच गोळी करते. जपानमधले अकिरा एंडो १९७०च्या दशकात बुरशीचे हजारो नमुने तपासत बसले, त्यातून या औषधाचं मूळ सापडलं. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत या गटातल्या औषधाने मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलं होतं.

तरी मोबाइलवर रोज कुणीतरी फिरवतं की ही गोळी स्नायू खाते, मेंदू खाते. स्नायू दुखण्याचा त्रास काहींना खरंच होतो, तो मी नाकारत नाही. फार दुखत असेल, लघवी गडद चहासारखी होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. पण लंडनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. त्रासामुळे ही गोळी सोडलेली ६० माणसं घेतली. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने नुसती रिकामी बाटली दिली. कोणत्या बाटलीत खरी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोज त्रास किती झाला ते नोंदवायचं. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, दुखत होतं हे खरंच. पण त्याचं कारण बहुतांशी गोळीतलं औषध नव्हतं, गोळी घेतोय ही धास्ती होती. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

"गोळ्या गरम पडतात" हे आपलं खास वाक्य. त्याला हसून सोडून देऊ नये असं मला वाटतं, कारण त्या एका शब्दात चार वेगवेगळ्या तक्रारी असतात. एखाद्याला ॲस्पिरिनने पोटात जळजळत असतं. त्यासाठी सोबत पँटोप्राझोलसारखी गोळी दिलेली असते आणि नेमकी तीच "ॲसिडिटीची तर आहे" म्हणून वगळलेली असते. एखाद्याला बीपीच्या रामिप्रिल गोळीने कोरडा खोकला लागलेला असतो आणि तो महिनाभर खोकल्याची बाटली पीत असतो. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते, खोकला जातो. एखाद्याला टिकाग्रेलॉर सुरू केल्यावर अधूनमधून दम लागल्यासारखं होतं. तो त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, पण दम हृदयामुळेही लागू शकतो, म्हणून दाखवायलाच हवं. चौथ्याला बीपी फार उतरून उठताना चक्कर येत असते. चारही तक्रारींवर उपाय आहे. उपाय डॉक्टरांकडे आहे आणि बदलायची ती एखादी गोळी असते, सगळी चिठ्ठी नव्हे.

पैशाचं बोलायलाच हवं. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लेपवाल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी लाखाच्या वर मोजलेले लोक मी पाहिलेत. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले योजनेतून अँजिओप्लास्टी होते, हा तर फार मोठा आधार. पण स्टेंट एकदाच घ्यायचा असतो, गोळ्या दर महिन्याला. सोयाबीनचे पैसे आले की पूर्ण महिन्याच्या आणि पाऊस लांबला की पाच-पाच, असं गणित मी रोज बघते. जगभरातल्या १७ देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत, २०११ साली, असं दिसलं की भारतासारख्या त्या वेळच्या कमी उत्पन्नाच्या देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर पाचातले चार जण या औषधांपैकी एकही घेत नव्हते.

म्हणून पैशाची अडचण असेल तर ती बोलून दाखवा. लाजू नका. डॉक्टरांना सरळ सांगा, "महिन्याला एवढेच जमतात." जनऔषधी केंद्रात हीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, मी स्वतः तिकडे पाठवते. टिकाग्रेलॉर झेपत नसेल तर क्लोपिडोग्रेल चालेल का, हे डॉक्टर ठरवू शकतात. पण ही अदलाबदल स्वतःच्या मनाने किंवा माझ्यासारख्या दुकानदाराच्या मनाने करायची नाही. योजनेतून स्टेंट बसला असेल तर पुढच्या तपासणीचं आणि औषधांचं काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सुट्टी व्हायच्या आधी विचारून घ्या.

दुसरा घोटाळा नावांचा. ॲस्पिरिन एकटी मिळते, कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत एका कॅप्सूलमध्ये मिळते, आणि क्लोपिडोग्रेल धरून तिन्ही एकत्रही मिळतात. पाकिटावर नाव तेच, पुढे एखादं अक्षर किंवा "गोल्ड" वाढलेलं. रुग्णालयाने तीन वेगळ्या गोळ्या दिल्या, नंतर गावच्या डॉक्टरांनी सोय म्हणून एकच कॅप्सूल लिहिली, आणि माणूस कॅप्सूलही घेतोय आणि जुनी पाकिटंही संपवतोय, "वाया कशाला घालवायची" म्हणून. एका आजींच्या दोन्ही हातांवर काळेनिळे डाग पाहून मी पिशवी मागवली तेव्हा हे उघड झालं. म्हणून महिन्यातून एकदा सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा आणि मला किंवा डॉक्टरांना दाखवा. पाकीट कापून दिलं असेल तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा तुमच्याकडे राहील असं बघा.

अंगदुखीवर मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेऊ नका. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामातही आडवी येते. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल. पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि प्लेटलेट उतरल्या तर या गोळ्यांचं काय करायचं हा अवघड प्रश्न आहे. घरच्या घरी सोडवायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचा. शौचाला डांबरासारखी काळी होणं, लघवीतून किंवा उलटीतून रक्त, दाबूनही न थांबणारा घोळणा, अचानक फार जोरात डोकं दुखणं, असं काही झालं तर गोळी घ्यायची की नाही याचा काथ्याकूट घरी न करता थेट रुग्णालय गाठायचं. दाढी करताना कापलं आणि जरा जास्त वेळ रक्त आलं, हिरडीतून ब्रश करताना थोडं दिसलं, तर घाबरून गोळी सोडू नका. पुढच्या भेटीत सांगा.

उपवास असेल तर गोळी सोडायची नसते. एकादशीला, नवरात्रात फळं-दूध घेताच, त्याच्यानंतर गोळी. रोजे असतील तर आधीच डॉक्टरांकडून वेळा जुळवून घ्यायच्या. वारीला जाणाऱ्या एका माउलींनी तर मला शिकवलं. त्यांनी वीस दिवसांच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधल्या होत्या, अर्ध्या कमरेच्या पिशवीत आणि अर्ध्या दिंडीच्या ट्रकवरच्या वळकटीत. एक भिजली तरी दुसरी राहील म्हणून. पिशवीत स्टेंटचं कार्डही होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.

एखादी गोळी विसरली तर? काही तासांत आठवली तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडा. दुप्पट मात्र कधीही नको. आणि विसरणं वारंवार होत असेल तर स्मरणशक्तीला दोष देण्यापेक्षा गोळीला एखाद्या रोजच्या गोष्टीशेजारी ठेवा. देवघरात दिव्याशेजारी, चहाच्या डब्याला टेकून, जिथे हात रोज जातोच तिथे. पाकिटात सात गोळ्या उरल्या की नवीन आणायची वेळ झाली असं समजा, कारण शनिवारी रात्री संपतात आणि रविवारी दुकान बंद असतं. घरातल्या आणखी एका माणसाला सगळ्या गोळ्यांची नावं ठाऊक असू द्या. भारतातल्या १४ रुग्णालयांत एक चाचणी झाली होती, त्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी हृदयरुग्णांकडे वर्षभर जाऊन नुसती विचारपूस केली, अडचणी ऐकल्या, घरच्यांना समजावलं. एवढ्यानेही गोळ्या नेमाने घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. हेच काम घरातली सून, नातू किंवा शेजारीण करू शकते.

त्या दिवशी काकांना मी पाचही औषधं दिली, पंधरा-पंधरा दिवसांची, अर्धे पैसे उधार. प्रत्येक पाकिटाच्या मागे मार्करने लिहिलं: "सकाळ, नाश्त्यानंतर", "रात्र". क्लोपिडोग्रेलच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही." काकांचं शिक्षण तिसरीपर्यंतचं, त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "आणि दाढ दुखली तर?"

"तरी नाही."

पंधरा दिवसांनी काकू आल्या. रिकामी पाकिटं रबर लावून आणली होती, मोजून. एका पाकिटात दोन गोळ्या शिल्लक होत्या. त्या काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "ह्या दोन राहिल्या, भाचीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हाच्या. आता सांग, काय करू?"